करवाढीचा प्रश्न आणि वऱ्हाड

२ डिसेंबर १९३८ रोजी दिल्लीच्या फेडरल कोर्टाने आपल्यापुढे आलेल्या अगदी पहिल्या प्रकरणावर मत प्रकट केले, आणि ते प्रकरण मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात किरकोळीने विकल्या जाणाऱ्या पेट्रोलवर बसविलेल्या शेकडा पाच कराचे होते. प्रांतिक विधिमंडळाने त्याच वर्षी मंजूर केलेला हा चौदावा कायदा मध्यवर्ती सरकारला मान्य नव्हता. उत्पादित मालावरील कर म्हणजे उत्पादन-शुल्कच होय आणि ते बसविण्याचा अधिकार केवळ आपला, असा त्या सरकारचा दावा होता. सर न्यायाधीश मॉरिस ग्वायर, शाह सुलेमान आणि मुकुंदराव जयकर या तिघांनी तो दावा अमान्य केला, आणि माल तयार होताना घेतला जाणारा कर वेगळा, तो दुकानात विकला जाताना घेतला जाणारा कर वेगळा, व हा दुसरा कर बसविण्यास प्रांत मुखत्यार आहे, असा निर्वाळा दिला. पुढे इतर प्रांतांनी जो विक्रीकर बसविला आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे ज्याच्या आधारावर भारतातील राज्यांची अंदाजपत्रके उभी राहिली, त्या कराचा घटनात्मक पाया अशा रीतीने अमरावती आणि अकोला ज्या प्रांतात होते त्या प्रांताने घातला.

त्या कायद्याची निकड कोठून उत्पन्न झाली हे पाहिले म्हणजे आजच्या प्रश्नाचे मूळही सापडते. वऱ्हाडात जमिनीची जमाबंदी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर सामान्यतः तीस वर्षांच्या मुदतीने होत असे, त्यामुळे शेतसारा हे प्रांताचे सर्वांत मोठे उत्पन्न एकदा ठरले की पिढीभर जवळजवळ स्थिर राही. दुसरे मोठे उत्पन्न मद्यावरील अबकारीचे, आणि १९३७ मध्ये अधिकारावर आलेले काँग्रेस मंत्रिमंडळ तर दारूबंदीच्या धोरणाला बांधलेले. शाळा, दवाखाने, सडका यांची मागणी मात्र निवडणुकीच्या हक्काबरोबर वाढत चाललेली. एक उत्पन्न वाढू शकत नाही, दुसरे नीतीने सोडावयाचे, आणि खर्चाची जबाबदारी तर लोकांनीच मत देऊन अंगावर घातलेली, अशा पेचातून त्या सरकारने नवा कर शोधला. पेट्रोल त्या काळी मोटारी बाळगणाऱ्यांच्याच उपयोगाचे होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या कराचा भार कपाशीच्या शेतात निंदण करणाऱ्या मजुरावर सरळ येत नव्हता.

आज महाराष्ट्र राज्याने कर वाढवावेत काय, हा प्रश्न विचारला म्हणजे बहुतेकांच्या मनात पहिल्याने येतो तो दुकानातील मालावरचा कर. परंतु नेमका तोच कर आता राज्याच्या हाती उरलेला नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची पद्धती सुरू झाली आणि त्या कराचे दर केंद्र व राज्ये यांच्या सामाईक परिषदेच्या विचाराने ठरू लागले. त्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत आवश्यक, अशी योजना असल्यामुळे एकट्या महाराष्ट्राला साबणाच्या वडीवरील करही आपल्या मर्जीने एका पैशाने वाढविता येत नाही. १९३८ साली जो अधिकार झगडून मिळविला, त्याचा मोठा भाग अशा प्रकारे सामाईक झाला. राज्याच्या स्वतःच्या अखत्यारीत राहिले ते पेट्रोल-डिझेल व मद्य यांवरील कर, दस्तऐवजांवरील मुद्रांक शुल्क, मोटारवाहन कर, वीज शुल्क, जमीन महसूल आणि व्यवसाय कर, व राज्याच्याच कायद्यांनी महानगरपालिका आणि ग्रामपंचायती वसूल करतात ती घरपट्टी व पाणीपट्टी. करवाढीची सारी चर्चा या मर्यादित क्षेत्रातच होऊ शकते.

राज्याच्या तिजोरीची अवस्था अशी की २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी रुपये धरलेला असून ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखविलेली आहे, आणि राज्यावरील एकूण कर्ज नऊ लक्ष कोटींच्या पलीकडे गेलेले आहे. धरण बांधण्यासाठी काढलेले कर्ज धरणाच्या पाण्यातून पुढे फिटण्याची आशा तरी असते. परंतु महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदाने यांसारख्या चालू खर्चासाठी काढलेले कर्ज. जो कर आज कोणी मागत नाही, तो उद्याच्या पिढीवर व्याजासह आकारला जातो, एवढाच याचा अर्थ. म्हणून ‘करवाढ नको’ असे म्हणणारा मनुष्य वस्तुतः करवाढ टाळीत नसतो. ती कोणी आणि केव्हा भरावयाची एवढेच तो बदलीत असतो. जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरील शुल्कात मोठी वाढ केली व तीपासून सुमारे चौदा हजार कोटी रुपयांच्या वाढीव उत्पन्नाची अपेक्षा धरली. त्याच वर्षी मोठ्या किमतीच्या मोटारींवरील कराची कमाल मर्यादा वीस लक्षांवरून तीस लक्ष रुपयांवर नेली. दुसरी वाढ योग्यच आहे. पहिलीविषयी माझे मन साशंक आहे, कारण ज्या व्यसनाने शेतमजुराचे घर मोडते त्याच व्यसनाच्या वाढीवर सरकारी दवाखान्याचा खर्च अवलंबून राहिला, तर ते व्यसन कमी व्हावे अशी सरकारची इच्छा किती काळ टिकेल, याची शाश्वती देता येत नाही.

आता ज्या सेवांसाठी पैसा हवा त्या सेवांकडे वळू. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांचा मेळघाट कुपोषणाने व बालमृत्यूंनी १९९३ पासून देशभर परिचित झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तेथील स्थितीविषयीच्या जनहित याचिकांवर वर्षानुवर्षे सुनावण्या घेतल्या, आणि बालरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ तेथे प्रत्यक्ष हजर राहावेत यासाठी सरकारला पुन्हापुन्हा आदेश दिले. धारणीहून अमरावतीला यावयाचे म्हणजे सेमाडोह-परतवाड्याच्या घाटरस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. अडलेल्या कोरकू बाईला तो प्रवास पार करून इर्विन किंवा डफरिन रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत जो काळ लागतो तो कोणत्याही अंदाजपत्रकाच्या रकान्यात नोंदलेला नसतो. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली आणि बुलढाणा, वाशीमपर्यंतचा रुग्ण तेथे येऊ लागला. अमरावतीला तसे महाविद्यालय सुरू होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा शेकडा आठहून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा अशी अपेक्षा व्यक्त केली होती. महाराष्ट्रासारखे धनवान राज्य त्या प्रमाणापासून पुष्कळ दूर राहिले आहे.

परंतु मला अधिक बोलावयाचे आहे ते खारपाणपट्ट्याविषयी, कारण सार्वजनिक सेवा कशी खंगत जाते याचे संपूर्ण यंत्र तेथे उघडे दिसते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे अशा जमिनीवर वसलेली आहेत की जेथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारट लागते. ते पिकाला चालत नाही आणि माणसाच्या शरीरालाही मानवत नाही, मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार तर त्या भागात घरोघर ऐकू येते. अशा ठिकाणी स्वतःची विहीर किंवा कूपनलिका घेऊन मोकळे होण्याचा श्रीमंताचा मार्गही बंद असतो. गोडे पाणी दूरच्या धरणातून नळानेच आणावे लागते, आणि ते काम एकट्या कुटुंबाच्या किंवा एकट्या गावाच्या आवाक्यातले नव्हे. म्हणूनच सातपुड्याच्या पायथ्याशी वारीजवळ वान नदीवर बांधलेल्या हनुमान सागरातून अकोट-तेल्हाऱ्याकडील गावांसाठी ‘८४ खेडी’ या नावाने ओळखली जाणारी प्रादेशिक योजना उभी राहिली, व इतरत्रही तशाच योजना झाल्या.

योजना बांधण्यास सरकार पैसा देते. ती चालविण्याचा खर्च मात्र पाणीपट्टीतून निघावा अशी अपेक्षा असते. पंपांचे वीजदेयक, जुन्या जलवाहिनीची दुरुस्ती, तुरटी व क्लोरीन, कर्मचाऱ्यांचा पगार हा खर्च दरसाल वाढतो; पट्टीचा दर वाढवावयाचा तर ग्रामपंचायतीला पुढची निवडणूक दिसते, म्हणून तो वाढत नाही. पट्टी अपुरी म्हणून दुरुस्ती होत नाही, दुरुस्ती नाही म्हणून पाणी आठ-दहा दिवसांआड येते, आणि दहा दिवसांआड येणाऱ्या पाण्याची पट्टी भरावयाची कशाला असे म्हणून रयत ती भरत नाही. मग थकबाकी साचते, वीज तोडण्याची नोटीस येते आणि उरलेले पाणीही थांबते. या चक्रात दोष कोणा एकाचा नाही. ग्रामस्थ अप्रामाणिक नाही, सरपंच भित्रा नाही, अभियंता आळशी नाही. प्रत्येकजण आपापल्या जागी समंजसपणे वागत असताना सेवा मात्र मरत असते. पाणी बंद पडले म्हणजे टँकरचे पाणी, शुद्ध पाण्याचा वीस लिटरचा जार, दूरच्या विहिरीवर जाण्यात गेलेली बाईची मजुरी, हा सारा खर्च सुरू होतो, आणि तो कोणत्याही घरपट्टीहून जड असतो. जो कर शासनाने घेतला नाही तो अशा रीतीने गरिबाकडून दुप्पट वसूल होतो. त्याची पावती मिळत नाही, त्यात सवलत नाही, आणि तो न्यायालयात नेता येत नाही.

म्हणून माझे मत असे की राज्याने कर वाढवावेत. परंतु वाढविलेल्या प्रत्येक कराबरोबर नागरिकाला कायद्याने मागता येईल असा एखादा हक्क जोडला गेला पाहिजे, आणि त्या कराचा भार ऐपतीच्या क्रमाने बसला पाहिजे. हे मत हवेतले नाही. महाराष्ट्राने असा प्रयोग एकदा केलेला आहे, आणि त्याच्या आरंभकाळी राज्याचे मुख्यमंत्री वऱ्हाडातील पुसदचे वसंतराव नाईक हे होते.

विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे ग्रामीण मजुराला काम पुरविण्याचा एक लहान प्रयोग केला होता. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लक्ष स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. एवढ्या आपत्तीतून राज्याने जो निष्कर्ष काढला तो असा, की काम ही दुष्काळापुरती दया न राहता कायमचा अधिकार व्हावा. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शारीरिक श्रम करण्यास तयार असलेल्या कोणाही ग्रामीण प्रौढाने काम मागितले तर पंधरा दिवसांत ते द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात बंधन होते. पण हा अधिकार कागदावर लिहिण्यापूर्वीच त्याच्या खर्चाची सोय झालेली होती. १९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कराचा कायदा करून शहरातील पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर कर बसविण्यात आला. मोटारवाहन करावर जादा कर, विक्रीकरावर जादा कर, जमीन महसुलावर अधिभार, बागायती जमिनीवर विशेष आकारणी आणि शहरांतील बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी कर, अशी अनेक उत्पन्ने त्यात मिळविण्यात आली. आणि या करांतून जेवढी निव्वळ रक्कम येईल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असा दंडक घातला गेला. अमरावतीच्या जयस्तंभ चौकातील दुकानदाराच्या घरपट्टीच्या देयकावर सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर यांच्या ओळीत ‘रोजगार हमी कर’ अशी जी ओळ छापलेली असते, तिच्यामागे हा इतिहास आहे. पाझर तलाव, नालाबांध आणि खेड्यापाड्यांचे रस्ते या पैशातून झाले. १९९० पासून शेतकऱ्याच्या बांधावरील फळबागाही याच योजनेला जोडल्या गेल्या.

या योजनेचे यश सांगताना तिच्या उणिवा झाकून चालणार नाही. बेकारी भत्ता प्रत्यक्षात फारच क्वचित दिला गेला. हजेरीपटांतील खोट्या नोंदींच्या तक्रारी झाल्या. आणि काही वर्षी करांतून आलेली रक्कम योजनेवरील खर्चाहून अधिक असूनही ती सामान्य खर्चात विरून गेली. कराचा पैसा अखेर राज्याच्या एकत्रित निधीतच जमा होतो, त्यामुळे केवळ स्वतंत्र निधीचे नाव दिल्याने तो राखला जात नाही, हा यातील धडा आहे. तो राखला गेला तो जेथे मजुरांनी संघटित होऊन तहसील कचेरीवर कामाची मागणी नोंदविली तेथे. कारण तेथे कराच्या पलीकडच्या टोकाला आपला हक्क जाणणारा मनुष्य उभा होता. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी हेच दाखवून दिले होते की शेतकऱ्याच्या घामातून निघालेल्या महसुलाचा लाभ शिक्षणाच्या रूपाने वरच्या वर्गांनाच मिळतो आणि शेतकऱ्याच्या मुलापर्यंत तो पोहोचत नाही. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, ती कृतीही मी याच विचाराच्या मालिकेत ठेवतो. सार्वजनिक पैशाच्या विहिरीवर सर्वांचा हक्क प्रस्थापित झाला नाही तर त्या पैशाला सार्वजनिक म्हणण्याचे कारण राहत नाही.

त्याच व्यवसाय कराची आजची अवस्था पाहिली म्हणजे खेद होतो. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराची कमाल मर्यादा १९५० मध्ये वर्षाला २५० रुपये ठरविली. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये केली, आणि तेव्हापासून ती तेथेच गोठलेली आहे. दरमहा दहा हजारांहून थोडे अधिक मिळविणारा अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार महिन्याला दोनशे व फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार रुपये भरतो, म्हणजे आपल्या उत्पन्नाचा शेकडा दोनांहून अधिक भाग देतो. आणि दरमहा दोन लक्ष मिळविणारा तज्ज्ञ किंवा अधिकारीही तेवढेच अडीच हजार भरतो, म्हणजे शेकडा एकाचा दहावा हिस्सा. २०२३ पासून दरमहा पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना यातून सूट मिळाली हे योग्य झाले; पण वरच्या टोकाला जी मर्यादा आहे ती हलविल्याशिवाय हा कर न्याय्य होणार नाही. एकेकाळी ग्रामीण मजुरासाठी नागरी मध्यमवर्गाने उचललेला भार आता कनिष्ठ कामगारावर अधिक आणि संपन्नावर नाममात्र असा उलटा झाला आहे, व ही स्थिती कोणी जाणूनबुजून आणलेली नाही, हीच तिची खरी अडचण. जे कोणी ठरविले नाही ते बदलण्याची जबाबदारी कोणालाच आपली वाटत नाही.

गोठलेल्या कराचे दुसरे उदाहरण अकोल्यातच घडले. अकोला महानगरपालिका २००१ मध्ये अस्तित्वात आली. २०१६ मध्ये भोवतालची २४ गावे तिच्या हद्दीत आली, म्हणजे दिवे, गटारे, पाणी यांचा विस्तार तेवढ्याने वाढला. मालमत्ता कराचे दर मात्र सुमारे सोळा वर्षे जेथल्या तेथे होते. २०१७ मध्ये जेव्हा फेरआकारणी होऊन दर एकदम वाढविण्यात आले, तेव्हा नागरिकांत प्रक्षोभ झाला, प्रकरण न्यायालयात गेले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती वाढ रद्द ठरविली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून महानगरपालिकेच्या बाजूने कौल दिला. या वादात कोण जिंकले यापेक्षा तो उद्भवला कशामुळे हे महत्त्वाचे आहे. दर दोन-तीन वर्षांनी थोडीथोडी वाढ झाली असती तर ती कोणाला फारशी जाणवली नसती. सोळा वर्षांची राहिलेली वाढ एका देयकावर छापून आली म्हणजे निवृत्त शिक्षकाला ती अन्यायच वाटणार, आणि त्याला तसे वाटण्यात काही गैर नाही.

वऱ्हाडी माणूस करवाढीला विरोध करतो तेव्हा त्याच्या मनात केवळ खिशाचा विचार नसतो, तर इतिहासाचा एक जुना सल असतो. १८५३ च्या तहाने निजामाने आपल्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चाच्या बाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला; १९०२ मध्ये सालीना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला आणि पुढच्याच वर्षी मध्यप्रांताला जोडला गेला. कपाशीच्या काळ्या जमिनीतून निघणारा समृद्ध महसूल आधी फौजेकडे, मग निजामाकडे, मग वर्धा नदीपलीकडे जातो, ही भावना तेव्हापासूनची. १९४७ चा अकोला करार आणि २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार हे दोन्ही या भावनेला दिलेले उत्तर होते. दुसऱ्या करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे आश्वासन होते, आणि घटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदात राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्यात आली. एवढे असूनही वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा राज्यातील एकूण ३,१८६ कोटींच्या अनुशेषापैकी सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा निघाला. पुढे इतर क्षेत्रांतील अनुशेष कमीअधिक भरला तरी सिंचनाचा अनुशेष अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा याच जिल्ह्यांत रेंगाळत राहिला. आणि १९९४ मध्ये स्थापिलेल्या विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

हा सल खरा आहे, पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. पूर्वी वऱ्हाडचा महसूल बाहेर जात होता. आज राज्याच्या कराचा फार मोठा भाग मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातून गोळा होतो, तेथे घरे-जमिनींचे व्यवहार होतात, मोठ्या किमतीच्या मोटारी विकल्या जातात आणि मोठे पगार मिळतात. राज्याने या संपत्तीवर ऐपतीनुसार कर वाढविला तर त्याचा भार प्रामुख्याने तेथे पडेल, आणि वाटप न्याय्य झाले तर लाभ मेळघाटाला व खारपाणपट्ट्याला मिळेल. करवाढीला सरसकट विरोध केल्याने वऱ्हाडचे रक्षण होत नाही. उलट, अनुशेष भरण्यासाठी पैसाच नाही ही सबब राज्यकर्त्यांच्या हाती आयतीच मिळते. वऱ्हाडच्या प्रतिनिधींनी लढावयाचे ते वाटपाच्या कलमावर.

कोणते कर वाढवावेत हे सांगितल्याविना ही चर्चा अपुरी राहील. डिझेलवरील कर वाढवू नये, कारण ट्रॅक्टरच्या नांगरटीपासून भाजीच्या वाहतुकीपर्यंत तो प्रत्येक गोष्टीत शिरतो. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावाने जो शेतकरी मेटाकुटीला आला आहे त्याच्या शेतसाऱ्याला हात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मोठ्या किमतीच्या स्थावर व्यवहारांवरील मुद्रांक शुल्क, उंची मोटारींवरील कर, शहरांतील व्यापारी व मोठ्या निवासी मालमत्तांवरील कर हे वाढविण्यास वाव आहे. मालमत्ता कराची फेरआकारणी नगरसेवकांच्या मर्जीवर न सोडता कायद्यानेच ठरावीक मुदतीने व्हावी, आणि लहान घरांना तीतून सवलत असावी. व्यवसाय कराची कमाल मर्यादा काढून टाकून उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार दर ठेवण्याची मुभा राज्यांना मिळावी यासाठी २७६ व्या अनुच्छेदात दुरुस्ती हवी. ती संसदच करू शकते, पण तिची मागणी करणारा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळाला नागपूरच्या अधिवेशनात मांडता येईल, आणि ज्या राज्याने या करावर रोजगाराची हमी उभारून दाखविली त्याच्या शब्दाला या बाबतीत वजनही राहील.

आणि या वाढीव उत्पन्नाला जोडावयाचे हक्क मोघम नसावेत. ‘आरोग्य सेवा बळकट करणे’ अशा शब्दांनी कोणालाच काही मागता येत नाही. उपजिल्हा रुग्णालयात प्रसूतीसाठी तज्ज्ञ उपलब्ध नसेल तर खाजगी रुग्णालयातील खर्च जिल्हा शल्यचिकित्सकाच्या कार्यालयाने ठराविक मुदतीत भरावा. खारपाणपट्ट्यातील गावाला ठरलेल्या दिवसांआड पाणी आले नाही तर त्या काळाची पाणीपट्टी आपोआप माफ व्हावी व टँकरचा खर्च योजनेने सोसावा. या दोन्ही प्रकारच्या तक्रारींची नोंदवही तहसील कचेरीत उघडी असावी आणि ग्रामसभेपुढे वाचली जावी. असे बंधन पडले म्हणजे वीजदेयक थकविण्यापेक्षा भरणे, आणि जलवाहिनी गळू देण्यापेक्षा ती बदलणे, हे शासनाला स्वस्त पडेल; नळाला पाणी येऊ लागले म्हणजे पाणीपट्टीच्या वसुलीसाठी जप्तीच्या धमकीचीही तितकी गरज उरणार नाही. रोजगार हमीच्या कायद्यात हे तत्त्व होते, पण भत्ता देण्याचा निर्णय ज्या यंत्रणेची चूक त्याच यंत्रणेच्या हाती राहिला आणि तेथेच तो कायदा दुबळा ठरला. नव्या कायद्यात तो निर्णय जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीतील एखाद्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे द्यावा लागेल, आणि त्या अधिकाऱ्याचे दप्तर अमरावतीत किंवा अकोल्यात न ठेवता धारणीला आणि तेल्हाऱ्याला ठेवावे लागेल.